आधी बाजाराचे वार, मग किल्ले : दॉर्दोन्यच्या खोऱ्यातला आठवडा

बाबांनी उभा सह्याद्री पालथा घातला आहे. सत्तरीनंतर गुडघ्यांनी साथ सोडली, तेव्हा त्यांनी एकच इच्छा बोलून दाखवली. युरोपातले किल्ले बघायचे, पण आरशांचे महाल नकोत; जिथे खरी लढाई झाली असे किल्ले हवेत. मी शोधत शोधत नैर्ऋत्य फ्रान्समधल्या दॉर्दोन्य नदीच्या खोऱ्याशी येऊन थांबले. या मुलखाला पेरिगोर म्हणतात. शंभर वर्षांच्या युद्धात (१३३७ ते १४५३) इथे एका काठावरचा किल्ला फ्रेंचांकडे, तर समोरचा इंग्रजांकडे, अशी परिस्थिती होती.

शेंगेन व्हिसा आणि आरटीओतून काढलेलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, ही तयारी पुण्यात वेळेत झाली. परमिट जरूर काढा, कारण या खेड्यांमध्ये गाडीशिवाय फिरणं फार अवघड आहे. बोर्दो शहरातून सार्ला या गावापर्यंत रेल्वे जाते, पण ती तिथेच संपते. आम्ही मे महिन्याच्या शेवटी सार्लात आठवडाभरासाठी स्वयंपाकघर असलेलं छोटं घर घेतलं.

माझी चूक झाली ती आखणीत. नकाशावर किल्ल्यांच्या खुणा केल्या, जवळजवळचे एका दिवसात बसवले आणि तेवढ्यावर समाधान मानलं. रविवारी दुपारी पोहोचलो तर दुकानं बंद. त्याच सकाळी जवळच्या सँ-सिप्रियाँ गावाचा बाजार भरून उठलेला होता. सोमवारी बेनाकचा किल्ला बघून दोननंतर जेवायला गेलो, तर हॉटेलांची स्वयंपाकघरं बंद झालेली. मंगळवारी दीडच्या सुमाराला ल ब्यूगच्या बाजारात शिरलो तेव्हा विक्रेते तंबू गुंडाळत होते. बाबा दोन दिवस ब्रेड आणि केळ्यांवर होते. एका शब्दानेही तक्रार केली नाही, पण मला फार वाईट वाटलं.

त्या रात्री मी सगळी आखणी पुसली आणि आधी वार लिहिले. बुधवार आणि शनिवार सार्ला. गुरुवार मोंपाझिए. मग त्या त्या गावाभोवती किल्ले लावले. सकाळी नऊला बाजार, बाराच्या ठोक्याला जेवण, दोननंतर किल्ला. पुढचे चार दिवस इतके सुरळीत गेले की आधी हे का सुचलं नाही याची हळहळ वाटली.

सार्लाचा बाजार पिवळसर चुनखडीच्या जुन्या घरांमधून वाहत जातो. छपरांवर कौलांऐवजी दगडी फरशा, आणि त्यांचं वजन पेलायला खाली मजबूत लाकूडकाम. जुन्या वस्त्या पाडण्याऐवजी अख्ख्या जपायच्या, असा कायदा आंद्रे माल्रो सांस्कृतिक मंत्री असताना १९६२ मध्ये झाला. त्याखाली अगदी सुरुवातीला जी गावं हाती घेतली गेली, त्यांत सार्ला होतं. सँत-मारी नावाच्या जुन्या चर्चमध्ये आता मंडई आहे. तिचे उंचच उंच पोलादी दरवाजे ज्याँ नूव्हेल या वास्तुरचनाकाराचे, आणि त्याचं बालपण याच गावात गेलेलं आहे.

बाजारात दोन गोष्टी पाळा. तोंड उघडल्यावर पहिला शब्द ‘बोंजूर’, म्हणजे नमस्कार. तो न म्हणता भाव विचारणं तिथे उद्धटपणाचं समजतात. दुसरं, फळांना हात लावू नका. आज खायची की उद्या, एवढं सांगितलं की विक्रेती बाई त्याप्रमाणे निवडून देते. आम्ही स्ट्रॉबेरी, अक्रोड, अक्रोडाचं तेल आणि ‘काबेकू’ ही शेळीच्या दुधाच्या चीजची चपटी, पेढ्याएवढी चकती घेतली. शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवायला हवं. सार्लाचे प्रसिद्ध परतलेले बटाटे बदकाच्या चरबीत करतात. मेनूकार्डावर नुसते बटाटे दिसले तरी विचारूनच मागवा. अक्रोड आणि गरम काबेकू घातलेलं सॅलड बहुतेक ठिकाणी मिळतं. मागवताना त्यात मांस नको हे तेवढं सांगायचं. बाबांना ते मनापासून आवडलं.

गुरुवारी मोंपाझिए. मला या प्रवासातलं सर्वांत आवडलेलं गाव हेच. १२८४ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने ते वसवलं, कारण तेव्हा हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात होता. अशा आखून वसवलेल्या गावांना ‘बास्तिद’ म्हणतात. काटकोनात छेदणारे रस्ते, सारख्या मापाचे भूखंड, मधोमध चौक आणि चौकाभोवती कमानींचे ओटे. येऊन राहणाऱ्यांना सनदेने हक्क आणि सवलती मिळत, आणि बाजारातून राजाला उत्पन्न. बाबा ऐकत होते, मग म्हणाले, “अगं, म्हणजे पेठच की ही! आपल्याकडेही सवलतींचा कौल देऊन, शेटे-महाजन नेमून पेठ वसवायचे.” मला तोवर बाजार म्हणजे गावातली एक गंमत वाटत होती. इथे गावच बाजारासाठी जन्माला आलं होतं. म्हणून चौक मधोमध आणि चर्च जरा कडेला.

दोन घरांच्या मध्ये जेमतेम एक माणूस आडवा होऊन शिरेल एवढी फट सोडलेली आहे. आग पसरू नये आणि सांडपाणी वाहून जावं म्हणून. चौकातल्या लाकडी मंडपात धान्य मोजायची जुनी मापं अजून आहेत. बाबांनी त्यांच्या कडेवरून हात फिरवला आणि बराच वेळ पायली, अधोली, शेर यांबद्दल बोलत राहिले. त्यांच्या वडिलांचं किराण्याचं दुकान होतं, त्यातली कितीतरी माहिती मी पहिल्यांदाच ऐकली.

शुक्रवारी सकाळी दोम. हे बास्तिद फ्रान्सच्या राजाने, तिसऱ्या फिलिपने १२८१ मध्ये कड्यावर उभारलं. त्याच्या दुहेरी बुरुजांच्या वेशीत, १३०७ मध्ये पकडलेल्या टेम्पलर या ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या सरदारांना कोंडलं होतं असं मानतात. आतल्या भिंतींवर क्रूस आणि मानवाकृती कोरलेल्या आहेत. बाबा तिथे काहीच बोलले नाहीत.

दुपारी कास्तेलनोचा किल्ला. फ्रेंच सरदार सिमों द माँफोरने १२१४ मध्ये तो घेतला, पुढे शंभर वर्षांच्या युद्धात तो दीर्घकाळ इंग्रजांकडे होता. आता तिथे मध्ययुगीन युद्धकलेचं संग्रहालय आहे आणि तटाजवळ दगड फेकणारी लाकडी यंत्रं पूर्ण आकारात उभी केली आहेत. बाबा तटाबाहेर काढलेल्या सज्ज्यांखाली मान वर करून उभे राहिले. सज्जाच्या तळाला भोकं असतात. पायथ्याशी आलेल्या शत्रूवर तिथून दगड टाकायचे. जंग्या (तटातली मारा करायची भोकं) आणि चर्या (तटाच्या माथ्यावरचे कंगोरे) त्यांना ओळखीच्या होत्या, पण महादरवाजासमोर तो लपवणारं गोमुखी वळण का नाही, हे ते शोधत राहिले.

समोर, नदीपलीकडे, दीडशे मीटर उंच कड्यावर बेनाक. युद्धात तो फ्रेंचांच्या बाजूचा. सोमवारी आम्ही गावातून त्या खड्या चढाने वर गेलो होतो आणि बाबांचे गुडघे सुजले होते. ज्यांना चढ झेपत नाही त्यांनी मागच्या रस्त्याने गाडी थेट किल्ल्याजवळच्या पार्किंगला न्यावी.

शनिवारी पुन्हा सार्लाचा बाजार. बाबा माझ्या पुढे चालत अक्रोडवाल्या बाईपाशी गेले, स्वच्छ आवाजात “बोंजूर, मादाम” म्हणाले आणि बोटांनी दोन दाखवून दोन किलो अक्रोड घेतले. एक किलो शेजारच्या काकूंना, एक गड फिरतानाच्या मित्रांना.