वाचनालयासाठी तयार थीम बनवताना

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात मी बरीच वर्षे अक्षरजुळणीचे, म्हणजे डीटीपीचे काम केले. संस्थांचे वार्षिक अहवाल, दिवाळी अंकांची पाने, लग्नपत्रिका असे ते काम होते. ते कमी होत गेले तसा मी वर्डप्रेस ही संकेतस्थळ बनवण्याची आणि चालवण्याची प्रणाली शिकलो आणि लहान संस्थांची संकेतस्थळे करून देऊ लागलो. सदाशिव पेठेतील एका जुन्या वाचनालयाचे काम माझ्याकडे आले तेव्हा कार्यवाह काकांनी एकच अट घातली होती. ते म्हणाले, "संकेतस्थळ साधे असले तरी चालेल, पण दर वेळी तुम्हाला फोन करावा लागता कामा नये. आम्ही आणि ग्रंथपाल ताई मिळून ते चालवू." काका बँकेतून निवृत्त झालेले होते आणि ताईंना संगणकावर पुस्तकांची देवघेव नोंदवण्याची सवय होती. वर्डप्रेससारख्या प्रणालीला आशय व्यवस्थापन प्रणाली म्हणतात; दोघांपैकी कोणीही तो शब्दही पूर्वी ऐकलेला नव्हता.

पहिल्या प्रयत्नात मी सोपा वाटणारा मार्ग धरला. एक विकत मिळणारी, सर्व प्रकारच्या संस्थांना चालेल अशी जाहिरात असलेली थीम, म्हणजे संकेतस्थळाचे तयार रूप, घेतली आणि तिच्यासोबतचा नमुना एका क्लिकमध्ये वाचनालयाच्या संकेतस्थळावर उतरवला. पाच मिनिटांत पान देखणे दिसू लागले आणि मीही खूश झालो. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. नमुन्याबरोबर चाळीसेक पाने, सरकत्या चित्रांच्या तीन पट्ट्या, काल्पनिक ग्राहकांचे अभिप्राय आणि काचेच्या इमारतीत हसत बसलेल्या परदेशी माणसांची छायाचित्रे आली होती. काका म्हणाले, "अहो, हे सगळे खोडण्यातच आमचा आठवडा जाईल. नवे काही लिहायचे कधी?" त्यांचे म्हणणे बरोबर होते. नवशिक्या माणसाच्या वाट्याला आम्ही पहिले काम दिले होते ते पुसण्याचे, आणि पुसताना काय मोडेल याची धास्ती वेगळीच.

ती थीम काढून टाकताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. तिच्यातील पानांची मांडणी तिच्या स्वतःच्या जोडणीत अडकलेली होती, त्यामुळे थीम बदलताच काकांनी मेहनतीने लिहिलेल्या संस्थेच्या इतिहासाच्या मजकुरात जागोजागी चौकोनी कंसांतले संकेत उघडे पडले. तो मजकूर मी हाताने वेचून साफ केला. त्यानंतर मी स्वतःला एक नियम घालून घेतला, की मजकूर थीमच्या ताब्यात द्यायचा नाही.

वर्डप्रेसची पहिली आवृत्ती मे २००३ मध्ये आली, पण थीमची आजची पद्धत फेब्रुवारी २००५ मधील १.५ या आवृत्तीपासूनची आहे. त्याआधी रूप बदलायचे तर मूळ फाईलमध्येच हात घालावा लागे. मजकूर एकीकडे आणि त्याचे रूप दुसरीकडे, ही थीममागची मूळ कल्पना विकतच्या थीममध्ये बरेचदा हरवलेली दिसते. जानेवारी २०२२ मध्ये 'ट्वेंटी ट्वेंटी-टू' ही पूर्णपणे ब्लॉकवर, म्हणजे परिच्छेद, चित्र अशा सुट्या घटकांवर, आधारलेली पहिली मूलभूत थीम आली आणि रंग, अक्षरे, अंतरे असे बहुतेक निर्णय थीम-जेसन नावाच्या एकाच फाईलमध्ये लिहून ठेवणे शक्य झाले. मी 'ट्वेंटी ट्वेंटी-फोर' ही मोफत थीम पाया म्हणून घेतली आणि तिच्यावर चाइल्ड थीम करायला घेतली. चाइल्ड थीममध्ये आपण फक्त बदललेल्या गोष्टी लिहितो, बाकी सर्व मूळ थीमकडून येते, आणि मूळ थीमची नवी आवृत्ती आली तरी आपले बदल पुसले जात नाहीत.

अक्षरांपासून सुरुवात केली, कारण तिथे माझा हात बसलेला होता आणि डोळाही खटकत होता. मूळ थीममध्ये मजकुराला इंटर आणि शीर्षकांना कार्डो हे फाँट आहेत, आणि दोन्हींमध्ये देवनागरी नाही. अशा वेळी ब्राउझर त्या त्या यंत्रावर जो देवनागरी फाँट सापडेल तो लावतो, म्हणून वाचनालयाच्या विंडोजच्या संगणकावर पान एक दिसे आणि काकांच्या अँड्रॉइड फोनवर दुसरेच. मी मजकुरासाठी 'मुक्त' नावाचा, खुल्या परवान्याचा फाँट घेतला आणि शीर्षकांसाठी टिरो देवनागरी मराठी घेतला. या दुसऱ्या फाँटमध्ये 'ल' आणि 'श' ही अक्षरे मराठी वळणाची येतात. वार्षिक अहवालात हिंदी वळणाचा 'ल' पडला की ज्येष्ठ सभासद पेन्सिलीने गोल करून पाठवीत, तो अनुभव मी विसरलेलो नव्हतो. टिरोला मात्र जाड वजन नाही, त्यामुळे शीर्षके मुद्दाम साध्या वजनाची ठेवावी लागली, नाहीतर ब्राउझर स्वतःच अक्षर फुगवून खोटे जाड करतो आणि ते फार ओबडधोबड दिसते.

ओळींमधील अंतर हा त्याहून मोठा प्रश्न होता. रोमन लिपीसाठी बनवलेल्या थीममध्ये शीर्षकांच्या ओळी एकमेकींना चिकटून असतात, आणि त्यात वरच्या ओळीत 'कर्तृत्व' व खालच्या ओळीत 'गौरी' आले की ऋकार आणि मात्रा एकमेकांत घुसतात. शीर्षकांचे अंतर मी अक्षराच्या आकाराच्या १.५ पट केले आणि मजकुराचे १.८ पट. अक्षरांमधील अंतर वाढवण्याची सोय तर मी बंदच केली, कारण देवनागरीत ते वाढवले की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

बंद करण्याचे काम तिथून पुढे वाढत गेले. थीम-जेसनमध्ये एकेका सोयीपुढे नकार लिहिता येतो, म्हणून मनाला येईल तो रंग निवडणे, अक्षरांचा आकार आकड्यात टाइप करणे, परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे करणे या सोयी मी काढल्या. पाच रंग आणि चार आकार ठेवले. शिवाय ताईंना आणि काकांना प्रशासकाऐवजी संपादकाची भूमिका दिली, त्यामुळे त्यांना डावीकडच्या यादीत थीम आणि प्लगइनचे, म्हणजे जादा सोयी देणाऱ्या पूरक प्रोग्रामचे, पर्याय दिसतच नाहीत. हे करताना मला थोडे अपराधी वाटत होते, जणू मी त्यांच्यावर अविश्वास दाखवतो आहे. ताईंना तसे सांगितले तर त्या हसून म्हणाल्या, "दादा, आमच्याकडेही सगळी कपाटे सभासदांना उघडी नसतात."

संस्थेच्या नावाने मात्र चांगलीच परीक्षा घेतली. तयार थीमच्या नमुन्यात संस्थेचे नाव नेहमी एका-दोन शब्दांचे असते. आमच्या वाचनालयाचे नाव 'कै.' पासून सुरू होते, त्यात देणगीदाराचे संपूर्ण नाव आहे, मग 'सार्वजनिक वाचनालय व मोफत ग्रंथालय' आणि शेवटी 'पुणे'. फोनवर ते पाच ओळींत गेले आणि मेनूचे बटण खाली ढकलले गेले. वर फक्त 'वाचनालय' ठेवू असे मी सुचवले, तेव्हा कार्यकारी मंडळाच्या बैठकीत त्यावर पाऊण तास चर्चा झाली आणि नाव तोडता येणार नाही असे ठरले. शेवटी वरच्या पट्टीची रचनाच नव्याने केली. देणगीदाराचे नाव लहान अक्षरांत पहिल्या ओळीवर, त्याखाली मोठ्या अक्षरांत बाकीचे, आणि मेनू त्याच्याही खाली स्वतंत्र पट्टीत. मराठी संस्थांसाठी थीम करणाऱ्याने सुरुवातच सर्वांत लांब नावापासून करावी, असे माझे आता मत झाले आहे.

यानंतर पानांचे तयार साचे, ज्यांना वर्डप्रेसमध्ये पॅटर्न म्हणतात, ते करायला घेतले. थीमच्या पॅटर्न्स नावाच्या फोल्डरमध्ये फाईल ठेवली की साचा संपादकात आपोआप दिसू लागतो. मी तीन साचे केले: नवी पुस्तके, व्याख्यानाची सूचना, आणि वेळ व वर्गणी. नमुन्यासाठी काल्पनिक मजकूर न घालता वाचनालयाचाच जुना मजकूर घातला, आणि पुस्तकांच्या चित्रांना उभ्या मुखपृष्ठाची चौकट दिली, कारण ताई चित्रे फोनवर उभी काढतात. मग मांडणी हलू नये म्हणून तिला कुलूप लावले. वर्डप्रेसमध्ये असे कुलूप आहे, की ज्यात मजकूर आणि चित्र बदलता येते, पण ब्लॉक हलवता, काढता किंवा वाढवता येत नाही.

पहिला आठवडा छान गेला. दुसऱ्या आठवड्यात सात पुस्तके आली आणि माझ्या साच्यात पाचच घरे होती. ताईंनी शेवटच्या घरात तीन पुस्तकांची नावे स्वल्पविराम देऊन बसवली आणि मुखपृष्ठ एकाचेच लावले. मी पाहिले तेव्हा आधी हसू आले, मग माझीच चूक लक्षात आली. पाच घरांचे कुलूपबंद पान ही छापील पानाची रीत झाली, आणि मी इतकी वर्षे तेच करत आलो होतो. या प्रणालीचा खरा उपयोग प्रत्येक पुस्तकाची स्वतंत्र नोंद करण्यात होता. मग पुस्तकांपुरता तो साचा रद्द केला. प्रत्येक पुस्तक ही एक नोंद, तिला 'नवी पुस्तके' हा प्रवर्ग, आणि संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर क्वेरी लूप नावाचा ब्लॉक, जो त्या प्रवर्गातील शेवटच्या आठ नोंदी आपोआप मांडतो.

हे काकांना समजावताना माझी दमछाक झाली. 'पोस्ट', 'पेज', 'कॅटेगरी' हे शब्द मी तीन-चार वेळा फिरवून सांगितले, पण त्यांचा चेहरा काही बदलेना. तेवढ्यात ताई भिंतीकडच्या जुन्या लाकडी कार्ड-कपाटाकडे गेल्या, त्यातला एक खण ओढला आणि म्हणाल्या, "काका, पुस्तकाचे कार्ड आपण एकदाच लिहायचे. ते कुठल्या खणात टाकायचे तेवढे सांगायचे. पाटीवर लावायचे काम ते यंत्र करते." काकांनी मान डोलावली आणि म्हणाले, "मग इतका वेळ हे असे का नाही सांगितलेत?" त्या दिवसापासून आमच्याकडे पोस्टला कार्ड आणि प्रवर्गाला खण म्हणतात.

ताईंनी पहिले कार्ड लिहिले तेव्हा मी मागच्या खुर्चीवर बसलो आणि काही बोलायचे नाही असे ठरवले. मजकूर, चित्र, खण सर्व नीट झाले. मग 'प्रकाशित करा' या बटणावर बाण नेऊन त्या थांबल्या, आणि बराच वेळ थांबल्या. शेवटी मीच विचारले, तेव्हा म्हणाल्या, "एकदा प्रकाशित केले की चूक दुरुस्त करता येते का?" पुस्तकांत आयुष्य गेलेल्या माणसासाठी प्रकाशित होणे म्हणजे छापून बाहेर पडणे, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. मी मुद्दाम चुकीचे शीर्षक प्रकाशित केले, दुरुस्त केले आणि जुन्या आवृत्त्यांच्या यादीतून पहिला मजकूर परत आणून दाखवला. नंतर त्यांचा हात अडला नाही.

दुवा व्हॉट्सॲपवर पाठवताना आणखी एक अडचण आली. कार्डाचे शीर्षक मराठीत असले की पत्ता टक्क्यांची चिन्हे आणि संकेत यांच्या लांबलचक माळेसारखा होतो, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे आणि पत्त्यात त्याची ९ अक्षरे होतात. पत्त्याच्या या भागासाठी वर्डप्रेसमध्ये २०० अक्षरांची जागा आहे, म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम २२ चिन्हे मावतात. ज्येष्ठ सभासदांना ती माळ पाहून काही फसवणूक असावी असे वाटे. आता ताई पत्त्याच्या रकान्यात दोन-तीन शब्द रोमन लिपीत लिहितात. ही गोष्ट थीमने सोडवता आली नाही. ती शिकवावीच लागली.

गणेशोत्सवात वाचनालयाच्या वेळा बदलल्या. काकांनी संपर्काच्या पानावर नवी वेळ लिहिली, पण तळपट्टीत आणि मुखपृष्ठावर जुनीच राहिली आणि चार सभासद बंद दारावरून परत गेले. त्यांनी काकांना काय ऐकवले ते इथे लिहिण्यासारखे नाही. दोष माझा होता, कारण वेळ तीन ठिकाणी स्वतंत्रपणे लिहून ठेवणारा मीच. आता ती वेळ एका समक्रमित पॅटर्नमध्ये आहे आणि एकदा बदलली की तिन्हीकडे बदलते. मात्र असा पॅटर्न संकेतस्थळाच्या डेटाबेसमध्ये राहतो, थीमच्या फाईलमध्ये नाही, त्यामुळे थीम दुसऱ्या संस्थेला दिली की तो तिथे हाताने पुन्हा करावा लागतो.

ते मला लवकरच कळले, कारण कोथरूडच्या एका भजनी मंडळाने हीच थीम मागितली. झिप फाईल चढवणे, नाव आणि रंग बदलणे, वेळेचा पॅटर्न करणे यात अर्धा दिवस गेला. त्यांना पुस्तकांचा खण नको होता, कार्यक्रमांचा हवा होता, आणि तिथे मी सध्या अडकलेलो आहे. क्वेरी लूप नोंदी लावतो त्या प्रकाशनाच्या तारखेने, कार्यक्रमाच्या तारखेने नव्हे, त्यामुळे उद्याचे भजन खाली आणि पुढच्या महिन्यातले वर असे होते. त्यासाठी प्लगइन आहेत, पण मी पाहिलेल्या प्रत्येकाबरोबर पाच-सहा नवे पर्याय डावीकडच्या यादीत येतात, आणि ते लपवायचे कसे हे अजून जमलेले नाही. तोपर्यंत मंडळाच्या सचिव काकू दर सोमवारी सकाळी झालेल्या कार्यक्रमांची कार्डे 'झालेले कार्यक्रम' या खणात हाताने हलवतात.