घाटंजीच्या उन्हाळ्यात टिकणारा राउटरचा बॅकअप

आमच्या घाटंजी तालुक्यातल्या गावात अभ्यासिका टिनाखाली आहे. पोरं पोलीस भरतीचे फॉर्म तिथूनच भरतात, सराव परीक्षाही तिथेच देतात. लाइन दोन मिनिटं गेली तरी फायबरचा राउटर बंद पडतो, परत सुरू व्हायला वेळ घेतो, आणि तेवढ्यात ओटीपीची मुदत संपते. इन्व्हर्टरएवढा खर्च कशाला? 12 व्होल्टचा राउटर 12 व्होल्टच्याच बॅटरीवर चालवायचा.

मांडणी साधी आहे. जुन्या लॅपटॉपचा 19 व्होल्टचा अडॅप्टर, पुढे एलएम317 (व्होल्टेज हवा तेवढा ठरवून देणारी चिप), मग 1एन5408 डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग), आणि त्यापुढे 7 एएचची (ॲम्पियर-तासांची) सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी. डायोडमुळे लाइन गेल्यावर बॅटरी उलटी एलएम317 मध्ये रिकामी होत नाही. राउटरही बॅटरीच्याच तारांवर, त्यामुळे मधे रिले (आपोआप बदलणारा स्विच) नाही आणि लाइन गेल्याचं त्याला कळतही नाही. बॅटरीचा व्होल्टेज खालीवर होतो म्हणून राउटरच्या आधी बक-बूस्ट मॉड्युल (व्होल्टेज गरजेप्रमाणे वाढवणारं किंवा कमी करणारं) लावून बरोबर 12 व्होल्ट ठेवले. राउटर अर्धा ॲम्पियर घेतो. बॅटरी साठ टक्केच वापरायची ठरवली तरी सात तास निघतात. एलएम317 ला हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) मोठा द्या, आणि 3 ॲम्पियरचा फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकाला अगदी लागून बसवा. तार शॉर्ट झाली तर आग बॅटरीच्या जोरावर लागते, अडॅप्टरच्या नाही.

खरा प्रश्न चार्जिंगच्या व्होल्टेजचा आहे. बॅटरीच्या कागदावर 13.5 ते 13.8 व्होल्ट लिहिलेलं असतं, पण ते 25 अंशांसाठी. आमच्या टिनाखाली मे महिन्यात 45 सहज होतात. तापमान एक अंश वाढलं की 12 व्होल्टच्या बॅटरीचा फ्लोट व्होल्टेज (भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवणारा सततचा चार्जिंग व्होल्टेज) साधारण 20 मिलिव्होल्टनी उतरवायला हवा. वीस अंशांचा फरक म्हणजे 0.4 व्होल्ट. तो उतरवला नाही तर बॅटरी सतत जास्त चार्ज होते, आतलं पाणी उडतं आणि डबा फुगतो. अभ्यासिकेत आधी असलेल्या तयार संचातली बॅटरी मी उघडून पाहिली, तिच्या दोन्ही बाजू पोळीसारख्या फुगल्या होत्या. आपल्याकडे बॅटरी एक उन्हाळा काढते असं लोक धरूनच चालतात, याचं मला वाईट वाटतं. गरीब गावानं दरवर्षी नवी बॅटरी का घ्यावी?

म्हणून एलएम317 च्या आऊटपुट पायापासून ॲडजस्ट पायापर्यंत 240 ओहमचा रोध, आणि ॲडजस्टपासून खाली मायनसपर्यंत 2.2 किलोओहमसोबत 500 ओहमचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रोध). मल्टिमीटर बॅटरीच्या टोकांवर धरायचा आणि बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर प्रीसेट हळूहळू फिरवायचा. हिवाळ्यात मी 13.6 वर ठेवतो, होळी झाली की 13.2 वर आणतो. बॅटरी टिनाजवळच्या फळीवरून काढून उत्तरेच्या भिंतीला, फरशीवर ठेवली. नुसत्या जागेनंही बराच फरक पडतो. दहा अंश वाढले की आयुष्य जवळपास निम्मं होतं, हा लेड-ॲसिडचा ढोबळ हिशेब आहे.

“भाऊ, लिथियम टाका न जी, हलकी येते,” असं एक पोरगा म्हणाला. पण बहुतेक लिथियम सेल 45 अंशांच्या वर चार्ज करू नयेत, आणि आमच्या खोलीत दुपारी नेमकं तेवढंच असतं. त्यामुळे सध्या लेडच.

आता प्रीसेटचं काम थर्मिस्टरवर (तापमानाप्रमाणे बदलणाऱ्या रोधावर) सोपवायचं आहे. तापला की त्याचा रोध कमी होतो, म्हणजे व्होल्टेज आपोआप उतरेल. तो बॅटरीच्या अंगाला चिकटवावा लागेल, कारण मोजायचं तापमान तिचं आहे, खोलीचं नाही.