साध्या भिंतीचा खर्च

मिनेसोटात घराचा लाकडी सांगाडा दोन-तीन आठवड्यांत उभा राहतो. फोटो पाठवले की पुण्याहून लगेच विचारणा, "झालंच की! वास्तुशांत कधी?" वास्तुशांत बरीच लांब असते. छप्पर चढलं, खिडक्या बसल्या, की खरं वेळखाऊ काम सुरू होतं आणि ते फोटोत दिसत नाही.

आम्ही मिनियापोलिसच्या पश्चिमेला प्लॉट घेतला, आर्किटेक्टकडून नकाशा काढून घेतला आणि आम्हाला हवं तसं घर बांधलं. इकडे त्याला मॉडर्न म्हणतात: सरळ रेषा, मोठ्या खिडक्या, भिंतींना नक्षी नाही, दारांभोवती रुंद पट्ट्या नाहीत, कपाटांना मुठी नाहीत. माझे सासरे सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी व्हिडिओ कॉलवर नकाशा नीट पाहिला आणि म्हणाले, "अगं, यात काहीच नाहीये. म्हणजे स्वस्तात होईल."

बिल्डरचं पहिलं कोटेशन आलं तेव्हा कळलं की "काहीच नाही" याचेच पैसे सर्वांत जास्त लागतात.

त्याचं कारण इथल्या भिंतीत आहे. आपल्याकडे वीट, सिमेंट, गिलावा, मग लांबी आणि रंग. इथे सोळा-सोळा इंचांवर लाकडी उभे खांब आणि त्यांवर स्क्रूने ठोकलेले जिप्समचे पत्रे, म्हणजे ड्रायवॉल. दोन पत्र्यांमधल्या सांध्यावर कागदी टेप लावायची, वर लांबीसारखा मसाला ओढायचा, वाळला की घासायचं, पुन्हा ओढायचा. दार चौकटीसकट कारखान्यातून तयार येतं. भिंतीत ठेवलेलं भोक त्याच्यापेक्षा मुद्दाम थोडं मोठं असतं. सुतार दार त्यात उभं करतो, पाचरी मारून ओळंब्यात आणतो आणि चहूबाजूंनी बोटभर फट तशीच सोडतो. ती फट झाकायला दाराभोवतीची पट्टी. लाकडी जमीन ऋतूप्रमाणे फुगते आणि आकसते, म्हणून भिंतीपासून थोडी जागा सोडूनच बसवतात. ती जागा झाकायला खालची पट्टी, आपलं स्कर्टिंग. थोडक्यात, या घरांत पट्टी ही शोभेची वस्तू कमी आणि प्रत्येक कारागिराने पुढच्यावर ढकललेल्या चुकीचं पांघरूण जास्त.

पट्टी काढली की पांघरूण गेलं. दिवाणखान्यात आम्हाला भिंत जमिनीच्या अर्धा इंच वर संपलेली हवी होती, खाली फक्त सावलीची एक काळी रेघ. दिसायला अगदी सोपं. पण त्यासाठी पत्र्याच्या खालच्या कडेला ॲल्युमिनियमची एक चॅनेल आधीच बसवावी लागते, ती खोलीभर एका पातळीत यावी लागते आणि त्या आधी जमिनीची अंतिम उंची ठरलेली असावी लागते. दारांचंही तेच: चौकट ड्रायवॉलच्या आधी बसवायची, तीही अशी की नंतर हलणार नाही. म्हणजे आधी सुतार, मग ड्रायवॉलवाले, मग पुन्हा सुतार. इथे प्रत्येक टोळी आपलं काम उरकून दुसऱ्या साइटवर जाते. तिला परत बोलवायचं म्हणजे तिच्या वेळापत्रकात नव्याने रांगेत उभं राहायचं.

शेवटी आम्ही तडजोड केली. सावलीची रेघ फक्त दिवाणखान्यात आणि जिन्याच्या भिंतीला. वरच्या बेडरूममध्ये साध्या, चौकोनी कडेच्या पट्ट्या. त्या मला आता जास्त आवडतात, कारण व्हॅक्यूमचं तोंड आपटून भिंतीचा कोपरा उडत नाही. मासिकांतल्या फोटोंत व्हॅक्यूम कधी दिसत नाही.

ड्रायवॉलच्या फिनिशिंगला इथे 0 ते 5 अशा पातळ्या आहेत. जिप्सम असोसिएशनने ठरवून दिलेल्या, करारात तशाच लिहितात. नेहमीच्या घरात चौथी पातळी चालते: सांधे आणि स्क्रूची डोकी भरून गुळगुळीत केलेली. पाचव्या पातळीत संपूर्ण भिंतीवर मसाल्याचा एक पातळ थर ओढतात. एवढी उठाठेव का, ते मला सांगून कळलं नसतं. आमच्या घरात मसाल्याचं काम करणारा मूळचा इक्वाडोरचा. एका संध्याकाळी मी साइटवर गेले तर त्याने सगळे दिवे घालवले होते आणि एक एलईडी दिवा भिंतीला जवळजवळ टेकवून धरला होता. समोरून पाहिलं तर दुधासारखी सपाट दिसणारी ती भिंत त्या तिरप्या उजेडात चक्क डोंगराळ दिसायला लागली. प्रत्येक सांध्याला फुगवटा, पात्याच्या कडेची ओळ, एका ठिकाणी अंगठ्याचा ठसासुद्धा. तो पेन्सिलने हलके गोल करत पुढे सरकत होता. म्हणाला, "तुमची खिडकी पश्चिमेची आहे. रोज संध्याकाळी सूर्य हेच करणार." मग पात्याच्या टोकावर चिमूटभर मसाला घेऊन एकेक गोल भरायला बसला. रंगसुद्धा आम्ही मॅट निवडला तो याचसाठी. चमकदार रंग सगळी चहाडी करतो.

सासू-सासरे भिंती रंगवून झाल्यावर आले. बाबांनी घरात शिरताच भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. "पोकळ आहे." मग दुसऱ्या भिंतीवर. "हीपण पोकळ." इथल्या प्रत्येक मराठी घरात हा प्रसंग झालेला आहे, मंडळाच्या कार्यक्रमात विचारून बघा. पण बाबा पुढच्याच दिवशी पाणसळ मागून घेऊन खोल्याखोल्यांतून फिरले, गुण्या लावून कोपरे तपासले आणि जेवताना म्हणाले, "पोकळ आहे, पण काटकोनात आहे. आमच्याकडे भरीव असते आणि काटकोनात नसते." सासूबाईंनी डाळीचं पातेलं पुढे सरकवलं.

पोकळ भिंतीत खिळा कुठेही मारता येत नाही, हे मात्र खरं. नुसत्या जिप्समवर जड टीव्ही किंवा टॉवेलची दांडी टिकत नाही. मागे लाकूड हवं. म्हणून भिंत बंद होण्याआधी ठरवायचं की कशाला कुठे आधार लागेल, आणि दोन खांबांच्या मध्ये आडव्या फळ्या ठोकून घ्यायच्या. टीव्ही, पडदे, न्हाणीघरात म्हाताऱ्या माणसांनी धरायची दांडी, पुस्तकांच्या फळ्या. नवरा टेप धरून आणि मी मोबाइल घेऊन, उघड्या भिंतींचे फोटो काढत घरभर हिंडलो. ते फोटो मी अजून उघडते. घर बांधणाऱ्या कुणालाही मी एवढं एकच सांगते: फोटो काढा, आणि फोटोत टेप दिसू दे.

विजेचे पॉइंटही तेव्हाच. इथल्या नियमानुसार भिंतीवरची कुठलीही जागा सॉकेटपासून सहा फुटांपेक्षा लांब असून चालत नाही, आणि ओट्यावर तर दोनच फूट. त्यामुळे सॉकेट भरपूर मिळतात, पण आपल्याला हवे तिथे मिळतीलच असं नाही. कमोडशेजारी एक सॉकेट मागितला तेव्हा इलेक्ट्रिशियन क्षणभर थांबला. धुण्याची सोय असलेली सीट बसवायची आहे म्हटल्यावर म्हणाला, हल्ली सगळेच मागतात. भारतीय असतील बहुतेक, असं मी मनात म्हटलं.

आता स्वयंपाकघर. सगळ्यात जास्त चर्चा, आणि सगळ्यात मोठं भांडणही, इथेच. आर्किटेक्टला चिमणी छतात लपवायची होती, म्हणजे वरून काहीच लटकणार नाही. मला फोडणी करायची होती. लाल मिरची आणि हिंग तापल्या तेलात पडल्यावर काय होतं हे त्या भल्या माणसाला चित्र काढून सांगता येईना, म्हणून एका रविवारी त्याला जेवायला बोलावून समोरच ठेचा केला. खोकत खोकत त्याने चिमणी शेगडीच्या वर, जवळ, आणि बाहेर हवा सोडणारी ठेवायला मान्यता दिली.

पण एवढ्यावर भागलं नाही. इथली घरं थंडीसाठी इतकी घट्ट बांधलेली असतात की यंत्राने हवा दाबून गळती मोजतात आणि ती मर्यादेत आल्याशिवाय घर पास होत नाही. अशा घरातून जोराचा पंखा हवा बाहेर फेकायला लागला की आत हवा यायला वाट उरत नाही. मग ती मिळेल तिथून ओढली जाते, अगदी गॅसवर चालणाऱ्या गीझरच्या धुराड्यातूनही, म्हणजे धूर उलटा घरात. म्हणून अमेरिकेतल्या नमुना नियमावलीत चिमणीची ताकद मिनिटाला 400 घनफुटांच्या वर गेली की बाहेरून तेवढी हवा आत आणायची सोय करण्याचं कलम आहे, आणि मिनेसोटात तर घरातल्या सगळ्या पंख्यांचा आणि उपकरणांचा हिशेब मांडतात. जानेवारीत बाहेर उणे वीस असताना ती हवा आणायची म्हणजे ती आधी तापवायलाही हवी. तर माझ्या फोडणीसाठी तळघरात एक डॅम्पर (हवेची झडप), एक हीटर आणि एक जाड पाइप आहे. सासूबाईंना हे दाखवलं तर त्या म्हणाल्या, "खिडकी उघडत नाही का?"

ओट्यासाठी काळा ग्रॅनाइट घेतला. सगळ्या मैत्रिणींकडे पांढराशुभ्र क्वार्ट्झ आहे आणि तो सुंदर दिसतो, पण त्यात दगडाची पूड राळेने बांधलेली असते. गरम कढई थेट ठेवली तर राळ डागाळते, आणि ओली हळद विसरून राहिली तर पिवळा डाग घासत बसायचं. संगमरवराला लिंबू आणि कोकम चालत नाही. कडाप्प्याच्या ओट्यावर वाढलेल्या बाईला एवढी नाजूक मनधरणी जमत नाही.

देवघर सासूबाईंनी पूर्वेलाच हवं म्हणून सांगितलं होतं. पूर्वेची भिंत बाहेरची. बाहेरच्या भिंतीत आतून इन्सुलेशन आणि त्यावर बाष्प अडवणारा प्लास्टिकचा पडदा असतो. तिथे कोनाडा कोरला तर देवामागेच थंडी शिरणार आणि आतल्या हवेतलं पाणी तिथे गोठणार. म्हणून कोनाड्याऐवजी भिंतीच्या पुढे काढलेलं अक्रोडाचं देवघर केलं. सुतार स्कँडिनेव्हियन वंशाचा, त्याच्या घराण्यात चार पिढ्या हेच काम. त्याने विचारलं, इथे खरी ज्योत लागणार का? लागणार, रोज. मग त्याने वरच्या फळीची उंची वाढवली आणि ज्योतीच्या वर लाकडाऐवजी पातळ दगडाची पाटी बसवली. खाली वाती, उदबत्त्या आणि पंचांगासाठी खण. धुराची सूचना देणारा अलार्म मात्र त्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

न्हाणीघरांविषयी थोडक्यात. शॉवर सोडून बाकी जमिनीला मोरी नसते, त्यामुळे बादलीभर पाणी ओतून फरशी धुणं विसरायचं. उंबरठा नसलेला शॉवर हवा असेल तर तेही सांगाड्याच्या वेळीच सांगावं लागतं, कारण पाण्याला फुटाला पाव इंच उतार द्यायचा तर खालच्या तुळया आधीच खाली घ्याव्या लागतात. जिन्याच्या दोन पायऱ्यांमधून किंवा कठड्याच्या गजांमधून चार इंचांचा चेंडू जाता कामा नये, लहान मुलाचं डोकं अडकू नये म्हणून. आमचा जिना उघड्या पायऱ्यांचा. इन्स्पेक्टरने खरोखर चेंडू खिशातून काढला.

जमिनीला पांढऱ्या ओकच्या रुंद फळ्या. खोकी आली तशी महिनाभर घरात नुसतीच पडून राहिली, हीटर चालू ठेवून. लाकूड घरातल्या हवेला सरावलं पाहिजे. ओलावा मोजायचा मीटर खालच्या प्लायवर आणि फळ्यांवर लावून बघतात, आणि रुंद फळ्यांना दोघांत दोन टक्क्यांहून जास्त फरक चालत नाही. कोकणात माझ्या माहेरी दारं पावसाळ्यात फुगतात आणि श्रावण सरेपर्यंत लागतच नाहीत. इथे उलट. हिवाळ्यात हीटरने हवा इतकी कोरडी होते की फळ्या आकसतात, मध्ये नखभर फटी दिसतात आणि जुलैत त्या आपोआप मिटतात. ह्युमिडिफायर लावला तरी थोड्या राहतातच. त्या भरायच्या नाहीत, असं फळ्या बसवणाऱ्याने दोनदा बजावून सांगितलं, कारण भरलेला मसाला उन्हाळ्यात जाणार कुठे?

ताबा घेण्याआधी बिल्डरबरोबर घरभर फिरून प्रत्येक ओरखड्याशेजारी निळ्या टेपचा तुकडा चिकटवायचा असतो. बाबांच्या हातात टेप दिली ही माझी उत्तम कल्पना होती. दिवाणखाना निळा झाला. बिल्डरच्या माणसाने आधी हसून, मग गप्प राहून, मग खाली बसून ती सगळी यादी लिहून घेतली.

मिनेसोटाच्या कायद्याने नव्या घराला कारागिरी आणि मालाची एक वर्षाची, नळ-वीज-हीटिंगची दोन वर्षांची आणि मोठ्या बांधकाम दोषांची दहा वर्षांची हमी असते. पहिला हिवाळा सरला की ड्रायवॉलमागचं लाकूड वाळून स्क्रूची डोकी कुठे कुठे वर येतात, कोपऱ्यांत केसाएवढ्या भेगा पडतात. त्या एकदम, वर्ष संपता संपता दुरुस्त करून घ्यायच्या असतात. माझी यादी फ्रिजवर लावलेली आहे: जिन्याखालच्या भिंतीला तीन स्क्रू, पाहुण्यांच्या खोलीचं दार आपोआप उघडतं, देवघराचा मधला खण अडकतो.