आपल्या माणसाचं बिल

९ ऑगस्ट, रात्र

बॅटरी आली. पक्कं बिलही आलं. दोन महिन्यांची कटकट आज मिटली, म्हणून झोपायच्या आधी लिहून ठेवते.

मिरगाच्या आधी इन्व्हर्टरची बॅटरी बदलली होती. बेळगावच्या वडगावात पाऊस लागला की लाईट जातेच. माझं शिवणयंत्र पायाचं आहे, खरं अंधारात सुईत दोरा कोण ओवणार? दुकानदार मराठी, बोलायला गोड. "वहिनी, आपल्या माणसाला बिल कशाला? टॅक्सचे पैसे वाचतील," म्हणाला. मीही लगेच मान डोलावली. जुनी बॅटरी त्याला दिली, वर फोन पेवरून १३,५०० रुपये भरले आणि एका कच्च्या चिठ्ठीवर 'बॅटरी १' एवढं लिहून घेऊन घरी आले. वॉरंटी कार्डावर त्याचा शिक्का होता, तारखेची जागा कोरी. ती मी बघितलीच नाही.

पंचविसाव्या दिवशी बॅटरी वीस मिनिटांत बसली. कंपनीचा मेकॅनिक येऊन वरचा नंबर वाचून गेला. दोन वर्षांपूर्वी बनलेला माल, गोडाऊनमध्ये पडून होता म्हणे. मी दुकानात गेले तर, "ही आमच्याकडचीच कशावरून? बिल दाखवा!" शेजारी दोन गिऱ्हाइकं उभी होती. इतकी लाज वाटली की परत येताना रिक्षात रडले. बॅटरीपेक्षा 'आपल्या माणसाला' हा शब्द जास्त बोचत होता.

हे सगळं ऐकून घेतलं ते समोरच्या घरातल्या मास्तरांनी. कन्नड शाळेतून निवृत्त झालेत, मराठी आपल्यासारखंच बोलतात, फक्त वाक्याच्या शेवटी 'री' येतो. "तुम्ही कशाला घाबरता री? बिल दिलं नाही ही त्याचीच चूक." २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरलीय, हे त्यांनीच सांगितलं. मला वाटत होतं बिल नाही म्हणजे आपण संपलो. ते म्हणाले, चिठ्ठी, फोन पेची नोंद आणि शिक्क्याचं कार्ड जपून ठेवा.

सरकारी ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ नंबरवर फोन लावला. सतरा भाषांत बोलतात म्हणे. मी मराठीत सगळं सांगितलं, तक्रारीचा नंबर मिळाला. ती कंपनीकडे गेली. चार दिवसांनी दुकानदाराचाच फोन: "वहिनी, घरातलं भांडण बाहेर कशाला? आठ हजार घ्या आणि तक्रार मागं घ्या." खोटं कशाला लिहू, एक रात्र मी डळमळले. ह्यांनी तर 'घेऊन टाक' म्हणूनच सांगितलं होतं.

सकाळी मास्तरांच्या ओट्यावर बसून नोटीस लिहिली. पंधरा दिवसांत बॅटरी बदलून द्या, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, वकीलच लावायला पाहिजे असंही नाही, हे मला आता पाठ झालंय. मास्तरांनी तिचा कन्नड तर्जुमाही केला. दोन्ही कागद पोचपावतीसह पोस्टानं पाठवले. दुकानदाराला कन्नड येतं की नाही देव जाणे, पण पोचपावती आल्यावर त्याचा सूर बदलला.

आज त्याचा पोऱ्या नवी बॅटरी घेऊन आला. नंबर मी आधी मेकॅनिकला फोनवर वाचून दाखवला, मगच उतरवून घेतली. पोऱ्या म्हणाला, पक्कं बिल हवं असेल तर टॅक्स वेगळा द्यायला लागेल. ह्यांचा पारा चढला. मी पर्स उघडली. जूनमध्ये वाचवलेले तेच पैसे होते ते, दुसऱ्या कुणाचे नव्हेत.

बिल प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशन कार्डाशेजारी ठेवलं. ठेवताना खालची बारीक ओळ दिसली: 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' मास्तरांना हाक मारून दाखवली. चष्मा वर करून त्यांनी दोनदा वाचली आणि इतके हसले की आतून अक्का विचारायला बाहेर आल्या, काय झालं म्हणून.