तुम्ही विचारलंत म्हणून: तो आवाज शेवटी कशाचा होता

लग्नात भेटा, कृषी केंद्रावर भेटा, पहिला प्रश्न तोच. "भाऊ, त्या गाडीचा आवाज सापडला का?" आणि लगेच, "विकून टाक ना, बोलेरो घे."

दुसऱ्या गोष्टीचं आधी सांगतो, नाही विकणार. बोलेरो घरी आहेच, वावरात तीच जाते आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ही दोन लिटर टर्बो इंजिनवाली गाडी मी हौसेनं घेतली, आणि हौस करायची तर शहरात राहायला पाहिजे हे मला आजही पटत नाही.

आमचे रस्ते खराब आहेत, मान्य. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरच्या डांबराच्या लाटा होतात. माझ्या 225/40 टायरला रबराची भिंत 90 मिलीमीटर, बोलेरोच्या 215/75 ला 160 च्या वर, म्हणजे दणका माझ्या सस्पेंशनला जास्त बसणारच. पण "रस्ता खराब आहे" हे आवाजाचं उत्तर होत नाही ना. कोणता पार्ट हलून राहिला ते सांगा.

आवाज उजवीकडून यायचा, टक टक, स्पीड कमी असताना. एकच चाक खड्ड्यात गेलं की हमखास, आणि दोन्ही चाकं सोबत ब्रेकरवर चढली की एकदम चूप. ब्रेक हलका दाबून ठेवला तरी यायचा, म्हणजे पॅड-कॅलिपर नाही. उभ्या गाडीत स्टेअरिंग पूर्ण फिरवलं तर स्प्रिंग कुठंच अडकत नव्हती, म्हणजे शॉकअपच्या वरच्या माउंटिंगच्या बेअरिंगवर संशय कमी. हे सगळं मी कागदावर लिहून नागपूरच्या एका वर्कशॉपमध्ये दिलं. तिथल्या माणसानं कागद न वाचता डॅशबोर्डवर ठेवला, सिमेंट रोडवर एसी लावून चक्कर मारली आणि म्हणाला आवाज नाही. मी अडून बसलो तेव्हा म्हणाला, "दोन्ही शॉकअप गेले, माउंटिंगसकट बदला." तेल गळलेलं नव्हतं, मी तसं म्हटलंही. "आतून जातात साहेब." जातातही, ते खोटं नाही, पण तपासलं कुठं होतं?

बाबा सोबत होते. सोयाबीनचे पैसे नुकतेच आले होते. ते म्हणाले, "बनवून घे, एकदाचा तुह्या मनातला घोर जाईन." संध्याकाळी परत निघालो, हायवेवर गाडी एकदम गुळगुळीत, बाबा खुशीत, तुरीच्या भावाच्या गोष्टी चालू. गावाच्या फाट्यावर वळलो, पहिलाच खड्डा आणि टक. बाबांनी ऐकलं, मला माहीत आहे त्यांनी ऐकलं. ते बोलायचे थांबले आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसले. एक शब्द बोलले असते तर बरं झालं असतं. त्या वर्कशॉपला मी माफ केलेलं नाही, पैशासाठी नाही, त्या चुपचाप बसण्यासाठी.

मग मी स्वतः खाली शिरलो. जॅकवर उचलली की दोन्ही चाकं लोंबतात, स्टॅबिलायझर लिंकवर (दोन्ही चाकांमधल्या आडव्या रॉडचं टोक सस्पेंशनला जोडणारी छोटी दांडी) ताण वेगळाच येतो आणि ढिलाई लपून जाते, म्हणून गाडी चाकांवरच उभी पाहिजे होती. ट्रॉली भरायच्या धक्क्यावर चढवली, चाकांना दगडं लावले, चुलतभावाला म्हटलं छताला धरून आडवी हलव. मी लिंकच्या खालच्या टोकाला, सांध्यावरच्या त्या छोट्या रबरी बुटावर (टोपणावर), दोन बोटं टेकवली. प्रत्येक हेलकाव्याला आतली गोळी बोटाला टचकन लागत होती. कानाला जेमतेम, बोटाला साफ. आणि ती बाजू होती डावी! आवाज उजवीकडून ऐकू यायचा, कारण तो रॉड एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत जातो आणि मधे सबफ्रेमला, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी चौकटीला, धरलेला असतो, लोखंडातून ठोक कुठंही निघते. एकच चाक खड्ड्यात गेल्यावर का वाजायचं तेही तिथंच कळलं, दोन्ही सोबत उचलली तर रॉड पिळतच नाही. खात्रीसाठी दोन्ही लिंक काढून देवळापर्यंत अगदी हळू नेऊन आणली. आवाज नाही. नवीन लिंक लावल्या, बाबांना बाजूला बसवून फाट्यावरून आणलं, त्याच खड्ड्यातून.

मग शॉकअपचे पैसे पाण्यात गेले का? तेव्हा मी छातीठोक हो म्हटलं असतं. आज समृद्धीवर 120 नं जाताना गाडी पहिल्यापेक्षा जास्त रस्ता धरून चालते, त्यामुळे म्हणवत नाही. आवाजाला एकच कारण असतं असंही मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो. आता थंडीच्या सकाळी पुढून करकर येते, उन्ह चढलं की जाते. रॉड धरणाऱ्या रबरी बुशवर साबणाचं पाणी मारून पाहिलं, थोडा वेळ थांबली, पण पुरती नाही. कापूस वेचून झाला की त्या बुशचा क्लॅम्प खोलून पाहतो. तोवर विचारलं तर लिंक सापडली म्हणा, आवाज अर्धा सापडला म्हणा.