केयुगाच्या थंड थरातला मासा

जुलैच्या मध्यावर केयुगा तळ्यात उतरलात तर वरचं पाणी चांगलं ऊबदार लागतं, २२ ते २४ अंश सेल्सिअस. किनाऱ्यावर पोरं दिवसभर डुंबत असतात. पण त्याच जागी ७०-८० फूट खाली पाणी आठ-दहा अंशांवर आलेलं असतं, आणि अडीचशे फुटांवर तर ते बारा महिने चार-पाच अंशांच्याच आसपास राहतं. इथल्या लेक ट्राउट या माशाला दहा अंशांच्या आगेमागे असलेलं पाणी मानवतं. त्यामुळे भर उन्हाळ्यात तो वर फिरकत नाही. त्याला धरायचं तर गरी सरळ खाली सोडायची, होडीच्या बरोबर खाली, आणि वरखाली नाचवत ठेवायची. याला इथे व्हर्टिकल जिगिंग म्हणतात, आणि गेले काही उन्हाळे मला त्याचं वेड लागलं आहे.

मी मूळची मालवणची. त्यामुळे घरून फोन आला की ‘जेवलंस काय’च्या पाठोपाठ ‘मासे गावतत काय गो थंय?’ हा प्रश्न ठरलेला. गावतात, आणि कसे गावतात ते आज जरा ऐसपैस सांगते.

आधी तळं. न्यूयॉर्क राज्याच्या मधोमध उत्तर-दक्षिण पसरलेली अकरा लांबट तळी आहेत, फिंगर लेक्स. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड लाद्यांनी नद्यांची जुनी खोरी खरवडून खोल केली, त्यातून ही तळी झाली. केयुगा त्यांतलं सगळ्यात लांब, सुमारे ६१ किलोमीटर. रुंदी मात्र बहुतेक ठिकाणी तीनेक किलोमीटरच. या काठांवर राहणाऱ्या केयुगा लोकांवरून त्याला हे नाव मिळालं. त्याची कमाल खोली ४३५ फूट आहे आणि पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून साधारण ३८२ फूट, म्हणजे तळाचा सर्वांत खोल भाग समुद्रसपाटीच्याही खाली जातो! अटलांटिकपासून इतक्या आत राहून आपण समुद्रसपाटीखालच्या चिखलावर गरीचं शिसं टेकवतो आहोत, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

दक्षिण टोकाला इथाका हे आमचं गाव. गावाजवळ तळं उथळ आहे, पण पश्चिम काठाने थोडं उत्तरेला, टगॅनकच्या भूशिरापाशी गेलं की काठापासून जवळच खोली शंभर फुटांवर जाते. टगॅनकचा धबधबा २१५ फुटांचा, नायगाऱ्याहून उंच. त्याच ओढ्याने वाहून आणलेल्या दगडमातीचं हे भूशिर बनलं आहे. खोल पाणी असं काठाशी असल्यामुळे मोठी बोट लागत नाही. शेजारचे एक निवृत्त गृहस्थ आहेत, त्यांच्या सोळा फुटी अॅल्युमिनियमच्या होडीतून आम्ही पहाटे निघतो आणि ऊन चढायच्या आत परत येतो.

आता पाण्याचे थर. पाणी सर्वांत जड असतं ते चार अंशांना. वसंतात ऊन वाढायला लागलं की वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि वरच तरंगत राहतं. वाऱ्याने ढवळलं जातं ते एवढंच. खालचं जड थंड पाणी त्यात मिसळत नाही. दोन्हींच्या मध्ये एक पट्टा असतो, थर्मोक्लाइन. त्यात थोड्याच फुटांत तापमान झपकन उतरतं. इथल्या कॉर्नेल विद्यापीठाने तर याचा पुरता उपयोग करून घेतला आहे. २००० सालापासून ते सुमारे अडीचशे फूट खोलीवरून थंड पाणी पाइपने वर आणतात, विद्यापीठाच्या इमारती थंड करणाऱ्या पाण्यातली उष्णता त्याला देतात, आणि तळ्याचं पाणी तळ्यात परत सोडतात. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाही. जुलैत तिथल्या ग्रंथालयात गारवा लागतो तो याच पाण्यामुळे.

हा पट्टा एका जागी स्थिर असता तर मासेमारी सोपी झाली असती. पण लांब, अरुंद तळ्यावर वारा सलग दोन दिवस दक्षिणेकडून वाहिला की वरचं गरम पाणी उत्तर टोकाकडे ढकललं जातं आणि आमच्या बाजूला थंड पाणी वर सरकतं. वायव्येचा वारा याच्या उलट करतो: गरम पाणी इथाकाकडे साचतं आणि थंड थर खाली दाबला जातो. वारा पडला की हा सगळा आतला थर टोकापासून टोकापर्यंत हेलकावत राहतो, कित्येक दिवस, आणि वरून पाहणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री मी आजच्या हवामानापेक्षा गेल्या दोन-तीन दिवसांचा वारा बघते. आमच्याकडे काका वारा आणि भरती-ओहोटी बघूनच गरवायला जायचे. इथे भरती-ओहोटी नाही, पण पाणी समजून घेतल्याशिवाय इथेही काही हाती लागत नाही.

सामान फार नाही. सात फुटी, टोकाला चपळ आणि बुडाला ताठ असा रॉड. रिळावर विणलेला बारीक दोरा, ज्याला ब्रेड म्हणतात. तो ताणला जात नाही, त्यामुळे ऐंशी फुटांवर माशाने नुसतं तोंड लावलं तरी बोटाला कळतं. पुढे आठ-दहा फूट पारदर्शक फ्लोरोकार्बनचा दोरा, आणि टोकाला एक औंसाची, म्हणजे २८ ग्रॅमची जिग: शिशाच्या डोक्याचा गळ आणि त्यावर पांढऱ्या मऊ रबराचा लांबट मासा. वारा असेल तर दीड औंस. रंगांवर लोक तासन् तास बोलतात. माझं मत असं की पांढरा पुरे, आणि दोरा सरळ राहणं हे रंगापेक्षा कितीतरी महत्त्वाचं.

सरळ का, ते होडीवरचं सोनार (sonar) हे यंत्र बघितल्यावर कळतं. होडीखाली बसवलेला सेन्सर ध्वनिलहरी खाली पाठवतो आणि त्यांच्या प्रतिध्वनीतून पडद्यावर चित्र उमटतं. लहरी शंकूच्या आकारात पसरतात. शंकूचा कोन २० अंशांचा असेल तर ऐंशी फुटांवर आपल्याला सुमारे २८ फूट व्यासाचं वर्तुळ दिसतं, त्याच्या बाहेरचं काही नाही. वाऱ्याने होडी सरकली, दोरा तिरका झाला, की जिग त्या वर्तुळाबाहेर जाते आणि आपण आंधळे होतो. म्हणून एकाने होडी जागेवर धरायची आणि दुसऱ्याने गरवायचं, किंवा पुढे इलेक्ट्रिक मोटर लावायची.

सगळं जुळलं की पडद्यावर जे दिसतं ते बघण्यासारखं असतं. जिग सोडली की एक बारीक रेघ तिरकी खाली उतरत जाते. तळ जाड पिवळ्या पट्ट्यासारखा दिसतो आणि त्याला चिकटून एखादी जाड आडवी रेघ: मासा. जिग तळाला टेकते, दोरा सैल पडतो. दोन फूट उचलायची, पडू द्यायची, पुन्हा उचलायची. कधी मासा हलतच नाही. पण कधी ती आडवी रेघ वाकते आणि जिगच्या रेघेकडे चढायला लागते. इथे हात थांबवायचा नाही. हे सांगायला सोपं आहे, करायला फार अवघड. कारण मासा मागे आला की मन म्हणतं, थांब, त्याला गाठू दे. पण लेक ट्राउट आयुष्यभर पळणारी मासळी धरून खात आला आहे. भक्ष्य थांबलं की त्याला संशय येतो आणि तो वळून खाली जातो. म्हणून रीळ फिरवत राहायचं, तो मागे पडला तर उलट वेग वाढवायचा. सत्तर फूट, साठ, पन्नास. दोन रेघा एकमेकींजवळ येतात, एक होतात, आणि रॉड वाकतो. थंड थर सोडून वरच्या कोमट पाण्यापर्यंत पाठलाग करणारे मासेही असतात. नाहीच आला तर जिग पुन्हा खाली सोडायची. पुष्कळदा तो ती पडतानाच उचलतो, आणि आपल्याला कळतं ते एवढंच की दोरा वेळेआधी सैल पडला.

इथले बरेच जुने लोक बोट चालवत, मागे आमिष ओढत मासेमारी करतात. त्याला वजनं, चरख्या, तांब्याची तार असा मोठा संसार लागतो. त्यांच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे, पण माझा जीव जिगमध्येच रमतो, कारण मासा लागतो तो थेट माझ्या हाताला.

मासा वर येताना एक गोष्ट आधी दिसते: बुडबुडे. पाण्यावर चंदेरी बुडबुड्यांची माळ फुटते आणि मग खालून तो फिकट ठिपक्यांचा, करडा-हिरवट मासा वर येतो, परांच्या कडा पांढऱ्या, शेपूट खोल दुभंगलेली. ट्राउट म्हणत असले तरी तो ‘चार’ (char) नावाच्या माशांच्या गटातला आहे. त्याच्या वाताशयातून, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीतून, अन्ननलिकेपर्यंत नळी असते, त्यामुळे वर येताना प्रसरण पावणारी हवा तो तोंडावाटे सोडून देतो. आपल्याकडचा गोब्रा किंवा तांबोशी खोलातून काढली की फुगते, डोळे बाहेर येतात. त्यांना ही सोय नाही.

पण यावरून एक गैरसमज इथे पसरला आहे की लेक ट्राउट वाटेल तितके धरा, वाटेल तितके सोडा, त्याला काही होत नाही. दाबाने होत नाही, पण उष्णतेने होतं. आठ अंशांतून २३ अंशांत आलेला, झुंजून दमलेला मासा, वरच्या पाण्यात प्राणवायूही कमी. त्याला होडीत आडवा ठेवून फोटो काढत बसलं तर सोडल्यावर तो पोहत गेलेला दिसतो, पुढे जगेलच असं नाही. मौज म्हणून दिवसभर धरून सोडत राहणं उन्हाळ्यात मला पटत नाही. माझा शिरस्ता साधा आहे: घरी लागतील तेवढे, नियमात बसणारे पहिले मासे ठेवायचे आणि रॉड गुंडाळायचा. एखादा सोडायचाच असेल तर रबरी जाळ्यात, पाण्यातच गळ काढायचा आणि डोकं खाली करून जोरात सोडायचा, म्हणजे तो थेट थंड थराकडे सूर मारतो.

एवढं मनाला लावून घ्यायचं कारण हा मासा सावकाश वाढणारा आहे. काही तळ्यांतले लेक ट्राउट चाळीस वर्षांहून जास्त जगलेले आहेत. शिवाय केयुगात पिढ्यान् पिढ्या त्याची वीण नीट होत नव्हती. तो खातो त्या एलवाइफ मासळीत थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, नष्ट करणारं विकर असतं. आईला ते कमी पडलं की पिल्लं मरतात. सॅमनच्या पिल्लांमधल्या याच रोगाला शास्त्रज्ञांनी ‘केयुगा सिंड्रोम’ नाव दिलं आहे. त्यात लॅम्प्री, माशाच्या अंगाला चिकटून रक्त शोषणारा, जबडा नसलेला जीव. तिचे गोल व्रण अजूनही मधूनमधून माशांवर दिसतात. याच लॅम्प्रीने गेल्या शतकात ग्रेट लेक्समधले लेक ट्राउट जवळजवळ संपवले. शेजारच्या सेनेका तळ्यातल्या ट्राउटची जात लॅम्प्रीच्या सोबत टिकून राहिलेली, म्हणून ऑन्टारिओ तळ्यात पुन्हा मासे सोडताना ती वापरली गेली. केयुगातही राज्य सरकार मत्स्यबीज केंद्रातली पिल्लं सोडतं, ओळखीसाठी त्यांचा एखादा पर कापून. त्याचा खर्च बराचसा परवान्यांतून निघतो; सोळा वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला परवाना लागतो, राज्यातल्या रहिवाशाला वर्षाला २५ डॉलर. मासा धरला की मी लांबी, पर कापलेला आहे का, व्रण आहेत का, हे वहीत लिहिते. राज्याचे मत्स्यशास्त्रज्ञ हौशी मच्छीमारांकडून अशा नोंदवह्या मागवतात.

आता स्वयंपाकघर. लेक ट्राउटचं मांस केशरी-गुलाबी आणि चांगलं तेलकट असतं. इथे बहुतेक जण तो धुरावतात. मला तो बांगड्याच्या जवळचा वाटतो, म्हणून बांगड्याला जे शोभतं ते याला शोभतं: तिखलं. लाल मिरची, हळद, आगळ आणि ठेचलेली तिरफळं, खोबरं अजिबात नाही. मासा आधी मीठ-आगळ लावून अर्धा तास ठेवायचा आणि रस उकळल्यावरच तुकड्या सोडायच्या, नाहीतर त्या फुटतात. खवलं इतकी बारीक की काढायची गरज पडत नाही, पण मधल्या ओळीतले बारीक काटे चिमट्याने काढावेच लागतात. रवा लावूनही छान होतो, फक्त तव्यावर तेल नेहमीच्या निम्मं घ्या. दोन किलोच्या आतबाहेरचा मासा चवीला सगळ्यात चांगला. पाच-सहा किलोचा लागला तर मी तो घरी आणत नाही: इतकी वर्षं मासळी खाऊन त्याच्या चरबीत नको ती द्रव्यं साठलेली असू शकतात, आणि राज्याचं आरोग्य खातं लहान मुलांना व गरोदर बायकांना तळ्यातले मासे बेतानेच द्या म्हणून सांगतं.