चुंबळीशिवाय घमेलं

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

आत्ताच बायकांच्या साक्षरता वर्गावरून आले, दोन घास खाल्ले, भांडी तशीच पडून आहेत, पण हे आज लिहून नाही ठेवलं तर उद्या दुकानात लग्नपत्रिकांच्या गर्दीत अर्धं विसरून जाईन. एप्रिल आहे, रात्री अकराला पण भिंतीला हात लावला तर चटका बसतो, कूलर नुसता आवाज करतोय. तरी आज वर्गाला नऊ जणी आल्या होत्या. दिवसभर उन्हात काम करून रात्री आठला समाजमंदिरात येऊन बसायचं ही साधी गोष्ट नाही, मला तर दुकानातून घरी आल्यावर खुर्चीतून उठवत नाही.

आज मी पहिल्यांदा स्वतः केलेलं पुस्तक वर्गात नेलं. सोळा पानी, वहीच्या अर्ध्या आकाराचं, सेंटर पिन मारलेलं, आतला कागद जाड मॅपलिथो, अक्षर चोवीस पॉइंटचं. नाव ठेवलंय 'आमचं काम'. एका पानावर एक काम, मोठं चित्र, खाली एक ओळ. चित्रं आमच्या दुकानातल्या मुलाने काढून दिली, हात चांगला आहे त्याचा. डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम, करता करता बारा वर्षं झाली, हजारो पुस्तिका लावल्या असतील, पण आजच्यासारखी धडधड कधी झाली नव्हती.

हे पुस्तक का करावं लागलं ते आधी लिहिते. सुरुवातीला एका ठिकाणाहून आम्हाला वर्गासाठी संच मिळाला होता. त्यात अ अननसाचा, ब बदकाचं, आणि चित्रं सगळी गालावर लाली असलेल्या लहान पोरांची. पन्नाशीच्या बाईसमोर बदक ठेवायचं? त्या काही बोलल्या नाहीत, पण चौथ्या दिवशी तिघी आल्याच नाहीत. विचारलं तर एक म्हणाली, नातीच्या पुस्तकात पण हेच हाये मॅडम, ती हासते मले. त्याच संचात पुढे 'आपले मदतनीस' होतं. डॉक्टर, पोस्टमन, पोलीस, आणि मग "सफाई कामगार आपला परिसर स्वच्छ ठेवतात", "कामवाल्या बाई आपल्या घरी भांडी घासतात". मी हे वाक्य फळ्यावर लिहिलं आणि वाचून दाखवलं. इथे नागपुरात गोकुळपेठेत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशी समोरच बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "आपल्या म्हंजे कोनाच्या?"

मला उत्तर नाही देता आलं. मराठीत 'आपण' म्हटलं की बोलणारा आणि ऐकणारा दोघं त्यात येतात, हे शाळेत शिकलो होतो, पण इथे वाचणारी बाई 'आपल्या'मध्ये नव्हतीच, ती चित्रात होती. लहान मुलासाठी ते वाक्य चालत असेल, कारण मूल घरात बसून कामवालीकडे बघतं. पण जिचं ते काम आहे तिच्या हातात तेच पुस्तक दिलं तर तिला दारातून स्वतःच्याच घरात बघायला लावल्यासारखं होतं. त्या रात्री ठरवलं की चित्राचं पुस्तक करायचं, कामाचंच करायचं, पण त्यात 'मी' असेल.

आणि चित्रं हवीतच, यावर मी ठाम आहे. लोक म्हणतात मोठ्यांना चित्रं कशाला, पोरकट वाटतं. पोरकट बदक असतं, चित्र नसतं. १६५८ मध्ये कोमेनियस नावाच्या शिक्षकाने युरोपात मुलांसाठी पहिलं मोठं चित्रांचं पाठ्यपुस्तक काढलं, लॅटिन आणि जर्मन भाषेत, त्यात बेकरीवाला, शिंपी, सुतार, लोहार सगळे होते, आणि चित्रातल्या एकेका वस्तूला आकडा दिलेला, तोच आकडा खाली शब्दाजवळ. म्हणजे बघणाऱ्याला कळतं की हा शब्द नेमका कशाचा. ही आकड्याची पद्धत मी सरळ उचलली आहे, कारण आकडे आमच्या सगळ्या जणींना येतात. अक्षर येत नसेल, पण मोबाइलचे दहा आकडे, बसचा नंबर, चुकाऱ्याची म्हणजे मजुरीची रक्कम, यात कोणी फसवू शकत नाही त्यांना.

तर आज. पान तीन उघडलं. चित्रात एक बाई, डोक्यावर घमेलं, मागे अर्धवट भिंत, बाई हसतेय. खाली ओळ, "मी बांधकामावर जाते." आमच्यात एक ताई रेजाकाम, म्हणजे बांधकामावर माल वाहायची मजुरी, करतात, सकाळी मजूर जमतात त्या ठिय्यावर जाऊन उभ्या राहतात, काम मिळालं तर जातात. मी चित्र त्यांच्यापुढे धरलं आणि वाट बघत होते की त्या खूश होतील. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, जवळ नेलं, लांब धरलं, आणि म्हणाल्या,

"हे खोटं हाये मॅडम."

काय खोटं?

"चुंबय कुठी हाये? बिना चुंबयीचं घमेलं कोन उचलते डोक्श्यावर? टाळू सोलून निघन."

मग बाकीच्या पण वाकून बघायला लागल्या आणि दोन मिनिटात त्या चित्राचे तुकडे तुकडे झाले. पदर खोचलेला नाही. पायात चप्पल चांगली आहे, ती सिमेंटचा माल कालवताना खराब होईल म्हणून बाजूला काढून ठेवतात. साडीवर शर्ट नाही, नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घातल्याशिवाय उन्हात कोणीच काम करत नाही, सिमेंट हाताला खातं. आणि ताईंनी शेवटी जे सांगितलं ते मी विसरणार नाही, की भरलेलं घमेलं एकटीनं डोक्यावर घेता येत नाही, समोर दुसरी लागते उचलून द्यायला, चित्रात ती कुठे आहे?

एरवी ह्या ताई वर्गात तोंड उघडत नाहीत. पाटी पुढे केली की "तुमीच लिवा" म्हणतात. आज त्यांनी उठून स्वतःच्या ओढणीची गुंडाळी केली, दोन वेढे दिले, टोक आत खोचलं आणि डोक्यावर ठेवून दाखवली, बघा, ही चुंबय. अर्ध्या मिनिटाचं काम. मी त्या गुंडाळीकडे बघतच राहिले, इतकी गोल आणि घट्ट, मधे हाताची चार बोटं जातील एवढी जागा.

मग मी फळ्यावर तो शब्द लिहिला. चुंबळ. आणि तिथे नवीनच प्रश्न उभा राहिला, कारण आपल्याकडे बोलताना ळ चा य होतो, शाळेची शाया, डोळ्याचा डोया, आणि चुंबळीची चुंबय. ताई म्हणाल्या शेवटचं अक्षर कोणतं हे, मी म्हटलं ळ, त्या म्हणाल्या आमी तं य म्हनतो. आता काय करायचं? तुमचं चुकीचं आहे असं मी म्हणूच शकत नाही, ज्या बाईने आत्ता माझ्या चित्रातल्या चार चुका काढल्या तिच्या तोंडचा शब्द मी कसा खोडू? आणि य शिकवला तर उद्या बाहेर कुठेही तो शब्द तसा लिहिलेला सापडणार नाही. शेवटी दोन्ही लिहिले, एकाखाली एक, आणि सांगितलं की बोलताना हा, पुस्तकात हा, दोन्ही आपलेच. त्यांनी ळ गिरवला. पहिल्यांदा खालची गाठ उलटी गेली, दुसऱ्यांदा जमली. मग पुस्तकातल्या चित्रावर, बाईच्या डोक्याजवळ, पेनाने एक गोल काढला आणि बाजूला चु लिहिलं, अनुस्वार विसरल्या, ब, ळ. छापील पुस्तकावर पेन चालवायला त्या आधी घाबरत होत्या, मी म्हटलं तुमचंच पुस्तक आहे. ते पान मी काढून घेतलंय, माझ्या डायरीत आहे.

चुका अजूनही निघाल्या. पान सहावर मी फक्त दोन हातांचं चित्र घातलं होतं, पोळी लाटतानाचं, मला वाटलं जवळून दाखवलं की छान दिसेल. एक काकू म्हणाल्या, हात तोडले काहून बाईचे? हसण्यावारी नव्हतं म्हटलेलं, खरंच विचारत होत्या. आपण टीव्ही-मासिकं बघून बघून शिकलेलो असतो की चौकटीच्या बाहेर बाकीचा माणूस आहे असं धरून चालायचं. आणि पान दहावर चहा करण्याच्या चार पायऱ्या चार चौकोनात होत्या, त्यांनी वरून खाली वाचल्या, डावीकडून उजवीकडे नाही, त्यामुळे चहा आधी गाळला आणि मग पाणी उकळलं. चित्र वाचणं पण शिकावंच लागतं. म्हणून आता एका पानावर एकच चित्र, आणि बाई पूर्ण दिसली पाहिजे, डोक्यापासून पायापर्यंत.

कांडीवाल्या आजींचं राहिलंच. त्या गोळीबार चौकाकडच्या, कोष्ट्यांच्या म्हणजे विणकरांच्या घरातल्या, लग्न होऊन आल्यापासून कांड्या भरल्या. पान आठवर हातमाग आहे, मागावर माणूस बसलाय, "विणकर कापड विणतो." आजी चष्मा वर करून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, पोरी, त्याच्या धोट्यात कांडी कुठून आली? चरख्यावर दिवसभर बसून सूत कांडीवर भरायचं, ती कांडी धोट्यात, म्हणजे मागावर इकडून तिकडे आडवा धागा नेणाऱ्या लाकडी तुकड्यात, जाते, ती नसेल तर तो माणूस मागावर नुसता बसून राहील. मी आजवर हातमागाची जेवढी चित्रं बघितली त्यात मागावर माणूस असतो, चरख्यावरची बाई नसते. आणि मी पण तेच केलं, स्वतः बाई असून. खूप लागलं मनाला.

बुधवार, दुपारी, दुकानात

लाइट गेलीये, यूपीएसवर दहा मिनिटं आहेत, तेवढ्यात लिहिते.

काल झोप लागेना म्हणून पाउलो फ्रेरे या ब्राझीलच्या शिक्षणतज्ज्ञाबद्दल परत वाचत होते. ब्राझीलच्या आंगिकोस नावाच्या गावात १९६३ मध्ये त्यांनी तीनशे मजुरांना साधारण चाळीस तासांच्या वर्गात लिहा-वाचायला शिकवलं. तेव्हा तिथे निरक्षर माणसाला मत देता येत नव्हतं, म्हणजे अक्षर आलं की मत आलं. पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता घेतली आणि फ्रेरेंना तुरुंगात टाकलं. त्यांची रीत अशी की आधी लोकांच्याच जगण्यातलं चित्र दाखवायचं, त्यावर बोलू द्यायचं, आणि त्या बोलण्यातून शब्द घ्यायचा. त्यांचा एक शब्द होता तिजोलो, म्हणजे वीट. ति, जो, लो असा तोडायचा आणि मग ता ते ति तो तु. ही तर आपली बाराखडीच झाली! आणि आपल्याकडे तर १८५५ मध्येच जोतिबा-सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती, दिवसा राबणाऱ्याला रात्रीच वेळ असतो हे त्यांना तेव्हा कळलं होतं.

मी पण मागच्या आठवड्यात वीट घेतली होती. तिथे एक गोची आहे, वीट दीर्घ पण विटा ऱ्हस्व. व्याकरण सांगत बसले तर सगळ्या झोपल्या असत्या. फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले, एकाची वेलांटी उजवीकडे, एकाची डावीकडे. रेजावाल्या ताई मागून हळूच म्हणाल्या, "एक हाय तं ह्या हातात, लई झाल्या तं त्या हातात." बस्स. त्यानंतर एकीची पण वीट चुकली नाही. मी इतकी वर्षं प्रूफं तपासतेय, मला हे कधी सुचलं नसतं.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सात वर्षांवरच्या बायकांत साधारण ७६ टक्के साक्षर निघाल्या. म्हणजे जवळजवळ दर चौथी बाई राहिलीच. ती चौथी बाई काही न शिकलेली बाई नाही हे मला आता डोळ्यांनी दिसतंय, तिला माल किती ओला हवा ते कळतं, सूत कुठे तुटणार ते बोटाला कळतं, आणि आपण तिला बदक देतो. तिच्या कामाचं पुस्तक करायचं तर ते तिच्याकडून तपासून घेतल्याशिवाय छापायचंच नाही. आमच्या दुकानात लग्नपत्रिकेचं प्रूफ पण घरच्या मोठ्यांना दाखवल्याशिवाय मशीनवर चढत नाही.

लाइट आली.

गुरुवार, रात्री

पुस्तक नव्याने करायचं ठरलं, यावेळी फोटो काढून. आज वर्गात त्यावरच चर्चा झाली आणि लगेच अडचण आली, फोटोत कोणती साडी नेसायची. ताईंना लग्नातली हिरवी नेसून यायचं होतं. आणि त्यात चूक काय, पुस्तकात फोटो येणार, नातेवाईक बघणार, कोणाला सिमेंटने माखलेलं दिसायला आवडेल? मी गप्प बसले. हे मी ठरवायचं नव्हतंच. धुणीभांडीवाल्या मावशी म्हणाल्या, दोन फोटो घ्या ना, एक कामावरचा आन् एक मुखपृष्ठावर सगळ्या मिळून चांगल्या साड्यांत. सगळ्यांना पटलं. खरंच किती सोपं होतं.

मग पान तीनचा मजकूर ताईंनी सांगितला आणि मी लिहून घेतला, एक शब्द इकडचा तिकडे न करता, फक्त पुस्तकाच्या भाषेत काय करायचं ते त्यांना विचारून. कुठे "करतो" ठेवायचं कुठे "करते", यावर थोडा वेळ गेला, आपल्याकडे बायका पण मी जातो, मी करतो म्हणतात. त्या म्हणाल्या करतोच ठेवा. ठेवलं. ळ मात्र त्यांनीच सांगून घातला.

"मी चुंबळ करतो. चुंबळ डोक्यावर ठेवतो. माझी जोडीदारीण घमेलं उचलून देते. एकटीनं उचलत नाही."

खाली आकडे. १ चुंबळ, २ घमेलं, ३ शर्ट, ४ जोडीदारीण. चार नंबर त्यांनी मुद्दाम घालायला लावला. जोडीदारीण वर्गाला येत नाही, शनिवारी फोटोच्या वेळी तिला पण सांगणार आहेत.

शनिवारी सकाळी साडेसहाला जायचंय, ऊन चढायच्या आत. शर्टाचं वरचं बटण तुटलंय, ते लावून ठेवतो म्हणाल्या.